सप्टेंबरमधला एमव्हीपीचा वाद : बॅटर तोलताना या चुका टाळा

सप्टेंबर लागला की मेजर लीग बेसबॉलमध्ये एकच चर्चा: या वर्षीचा एमव्हीपी ('मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर', म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू) पुरस्कार कोणत्या बॅटरला? १६२ पैकी बहुतेक सामने उरकलेले असतात, उरलेल्या पंचवीसएक सामन्यांवर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. वाद घालणाऱ्या दोघांकडचेही आकडे खरे असतात, तरी मत जुळत नाही. एकाच्या डोक्यात पूर्ण हंगाम असतो, दुसऱ्याच्या डोक्यात शेवटचा महिना. आधी प्रश्न कोणता ते ठरवून घ्या. मग खालच्या चुका ओळखता येतात.

सप्टेंबरच्या होमरनला जादा भाव देणे

सर्वांत जास्त होणारी चूक हीच. एप्रिलमध्ये जिंकलेला सामना आणि सप्टेंबरमध्ये जिंकलेला सामना गुणतक्त्यात सारखाच मोजला जातो. एप्रिलमधले सामने जिंकलेच नसते, तर सप्टेंबरच्या सामन्यांना एवढे महत्त्वच आले नसते.

एक हिशेब करून पाहू. एका बॅटरने ५२० ॲट-बॅटमध्ये (सरासरीसाठी मोजल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या खेपा) १४६ हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारल्या आहेत, म्हणजे सरासरी (हिट भागिले ॲट-बॅट) .२८१. २२ सामने उरलेत, म्हणजे साधारण ८८ ॲट-बॅट. नेहमीसारखा खेळला तर त्याला आणखी २५ हिट मिळतील. महिनाभर सुसाट सुटून तो .४०० ने खेळला, तर ३५. फरक १० हिटचा. आउटच्या जागी सिंगल (एका बेसची हिट) आली की साधारण पाऊण रनचा फायदा होतो, म्हणून हे झाले सात-आठ रन. त्यात डबल आणि होमरन धरले तर दहाच्या आसपास. दहा रन म्हणजे ढोबळमानाने एक विजय. 'याने सप्टेंबरमध्ये संघ एकट्याने खेचला' या वाक्यामागे बहुधा एवढाच ऐवज असतो. वर्षाची सरासरी .२९८ वर जाते, एवढेच.

हेच गणित उलट बाजूने वापरा. एखाद्याचा वॉर (म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत त्याने संघाला मिळवून दिलेले विजय) १४० सामन्यांनंतर ६.५ असेल, तर उरलेल्या २२ सामन्यांत त्याच गतीने जेमतेम १ ची भर पडेल. सप्टेंबरच्या मध्याला दोघांत दीड-दोनचा फरक असेल, तर तो भरून निघणे अवघडच.

म्हणून उशिरा तापलेला बॅटर कधीच पात्र नसतो, असा याचा अर्थ घेऊ नका. २०१८ मध्ये मिलवॉकी ब्रुअर्सच्या ख्रिश्चन येलिचने ऑल-स्टार सामन्यापर्यंत (जुलैच्या मध्यातला निवडक खेळाडूंचा सामना) ११ होमरन मारले होते. त्यानंतर २५ मारले आणि सरासरी राखली .३६७. एमव्हीपीच्या मतदानात त्याला ३० पैकी २९ पहिली मते मिळाली, म्हणजे २९ मतदारांनी त्याचे नाव पहिल्या क्रमांकावर लिहिले. पण वर्षाअखेरच्या एकूण हिशेबातही तो नॅशनल लीगच्या (मेजर लीगमधल्या दोन लीगांपैकी एक, दुसरी अमेरिकन लीग) बॅटरांमध्ये आघाडीवर होता. धडाका कधी लागला हा योगायोग. तो बेरजेत आला हे महत्त्वाचे.

सोयीची तारीख निवडणे

'१७ ऑगस्टपासून याची सरासरी .३७० आहे' असे कोणी म्हणाले की पहिला प्रश्न विचारा: १७ च का? बहुधा १६ तारखेपर्यंत तो सलग अपयशी ठरत होता म्हणून. तुकडा पाडायचाच असेल, तर महिना किंवा ऑल-स्टारनंतरचा काळ अशा आधीच ठरलेल्या सीमा घ्या आणि सर्व दावेदारांना तोच तुकडा लावा.

शिवाय महिन्याभरात फार तर ११० प्लेट अपिअरन्स (फलंदाजीच्या सर्व खेपा) होतात. स्ट्राइकआउटचे प्रमाण एवढ्या नमुन्यात बऱ्यापैकी स्थिरावते, वॉकचे (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा पहिला बेस) जवळपास. बॅटिंग ॲव्हरेज मात्र संपूर्ण हंगामातही नीट स्थिरावत नाही, कारण मैदानात पडलेला चेंडू हिट ठरतो की क्षेत्ररक्षकाच्या हाती जातो यात नशिबाचा वाटा मोठा असतो. त्यामुळे महिन्याभराच्या सरासरीवरून 'याला आता सूर सापडलाय' असे म्हणू नका.

(भारतातून पाहणाऱ्यांसाठी: न्यूयॉर्कला संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारला लागतो. आकडेवारीची संकेतस्थळे अमेरिकी तारीख धरतात. ३१ ऑगस्टचा सामना आपल्या कॅलेंडरने सप्टेंबरात मोजलात, तर बेरीज जुळणार नाही.)

आरबीआयला थेट कर्तृत्व समजणे

२०१२ चा अमेरिकन लीगमधला वाद अजून निघतो. डेट्रॉइटच्या मिगेल काब्रेराने .३३० सरासरी, ४४ होमरन आणि १३९ आरबीआय (त्याच्या फलंदाजीवर संघाला मिळालेले रन) घेऊन ट्रिपल क्राउन (या तिन्हींत लीगमध्ये पहिला) मिळवला. १९६७ च्या कार्ल यास्त्रेम्स्कीनंतर पहिलाच. समोर होता एंजल्सचा नवखा माइक ट्राउट: .३२६, ३० होमरन, ८३ आरबीआय, ४९ स्टील (धावत चोरलेले बेस) आणि १२९ रन. काब्रेरा तेव्हाच्या २८ पैकी २२ पहिली मते घेऊन जिंकला.

५६ आरबीआयचा तो फरक फसवा आहे. ट्राउट लीड-ऑफला (फलंदाजीच्या क्रमात पहिला) खेळत होता. सामन्यातली त्याची पहिली फलंदाजी रिकाम्या बेसवर ठरलेली, पुढच्या वेळी त्याच्या आधी येणार ते तळाचे, सर्वांत दुबळे बॅटर. आरबीआय मिळायला आधी कोणीतरी बेसवर असावे लागते, आणि ते बॅटरच्या हातात नसते. शिवाय ट्राउट १३९ सामने खेळला, काब्रेरा १६१.

उपाय सोपा. आरबीआय बाजूला ठेवा आणि डब्ल्यूआरसी प्लस (बॅटरने निर्माण केलेल्या रनांचे माप) पाहा. त्यात १०० म्हणजे लीगचा सरासरी बॅटर, १५० म्हणजे त्याच्यापेक्षा ५० टक्के सरस. बेसवर माणसे असतानाची कामगिरी मोजायचीच असेल, तर आरई-२४ घ्या. त्यात बॅटरला मिळालेली परिस्थिती आणि त्याने मागे ठेवलेली परिस्थिती यांतला फरक रनमध्ये मिळतो. क्रिकेटची सवय असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: इथल्या बॅटिंग ॲव्हरेजमध्ये वॉक धरलेच जात नाहीत. ऑन-बेस पर्सेंटेज (बॅटर किती वेळा बेसवर पोचतो त्याचे प्रमाण) सोबत नसेल, तर .३०० हा आकडा अर्धवट आहे.

एकच गोष्ट दोनदा मोजणे

वॉर वापरणारे लोकही इथे घसरतात. 'वॉर सारखाच आहे, पण हा कॅचर आहे, म्हणून हाच मोठा.' कॅचर (बॅटरमागे बसून चेंडू झेलणारा) असण्याचा लाभ त्या वॉरमध्ये आधीच आहे. फॅनग्राफ्स या आकडेवारीच्या संकेतस्थळाच्या हिशेबात पूर्ण हंगामाला कॅचरला अधिक १२.५ रन मिळतात, शॉर्टस्टॉपला अधिक ७.५, सेंटर फील्ड, सेकंड आणि थर्ड बेसला अधिक २.५; कोपऱ्यातल्या आउटफील्डरला उणे ७.५, फर्स्ट बेसला उणे १२.५ आणि डीएचला (फक्त फलंदाजी करणाऱ्याला) उणे १७.५. मैदानाचेही तेच. डब्ल्यूआरसी प्लसमध्ये पार्कचा परिणाम वजा झालेला असतो. त्यावर पुन्हा 'हा कूर्स फील्डवर (कोलोरॅडोचे, फलंदाजीला सोपे मैदान) खेळतो' म्हणून कापू नका.

कूर्सचा सरसकट शिक्का मारण्यापूर्वी बाहेरच्या मैदानांवरचे आकडे तरी उघडा. १९९७ मध्ये कोलोरॅडोच्या लॅरी वॉकरने ४९ होमरन मारून एमव्हीपी मिळवला. त्यांपैकी २९ परक्या मैदानांवरचे होते.

दोन संकेतस्थळांचे वॉर एकमेकांत मिसळणे

एकाचा वॉर फॅनग्राफ्सवरून, दुसऱ्याचा बेसबॉल-रेफरन्सवरून घेतला की वाद तिथेच बिघडला. २०२५ चे उदाहरण पुरेसे आहे. यँकीजचा ॲरन जज (.३३१, ५३ होमरन) आणि सिॲटलचा कॅचर कॅल रॅली (.२४७, ६० होमरन) यांच्यात फॅनग्राफ्सवर सुमारे एका विजयाचा फरक दिसतो, बेसबॉल-रेफरन्सवर दोनहून अधिक. याचे मोठे कारण म्हणजे फॅनग्राफ्स कॅचरचे पिच-फ्रेमिंग (काठावरचा चेंडू स्ट्राइक ठरेल असा झेलणे) धरते, दुसरे धरत नाही. दोघांचा आकडा एकाच ठिकाणचा घ्या आणि कोणत्या ठिकाणचा तेही सांगा. अर्ध्या विजयाच्या आतला फरक बरोबरीच समजा. क्षेत्ररक्षणाची मोजमापे एवढी अचूक नसतात.

'प्लेऑफला गेला तोच मोलाचा'

२०१२ मध्ये ट्राउटच्या एंजल्सने ८९ सामने जिंकले, काब्रेराच्या टायगर्सने ८८. तरी प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) गेले टायगर्स, कारण त्यांचा सेंट्रल विभाग त्या वर्षी दुबळा होता. विभाग कोणता, हे बॅटरच्या गुणपत्रिकेत कशासाठी लिहायचे? मतपत्रिकेसोबतच्या सूचनाही सांगतात की एमव्हीपी प्लेऑफच्या संघातलाच हवा असे नाही. १९८७ चा आंद्रे डॉसन आणि २००३ चा ॲलेक्स रॉड्रिग्ज तर विभागात तळाला गेलेल्या संघांत होते. डॉसनची निवड वेगळ्या कारणाने कच्ची होती: ४९ होमरन खरे, पण ऑन-बेस अवघा .३२८.

क्लच : सगळ्यांना एकच माप लावा

निर्णायक क्षणांना महत्त्व द्यायला हरकत नाही. चूक होते ती एकाचे तीन गाजलेले होमरन आठवायचे आणि दुसऱ्याची फक्त सरासरी पाहायची, अशी. डब्ल्यूपीए प्रत्येक फटक्याने सामना जिंकण्याची शक्यता किती हलली ते मोजते. ते सर्वांचे आणि पूर्ण हंगामाचे घ्या. मात्र साध्या डब्ल्यूपीएला गुणतक्ता दिसत नाही. शर्यतीतला सामना जास्त वजनाने मोजायचा असेल, तर चॅम्पियनशिप डब्ल्यूपीए आहे; ते संघाच्या विजेतेपदाची शक्यता किती हलली ते मोजते. त्याची किंमतही समजून घ्या. १५ सामन्यांनी पुढे असलेल्या संघातला बॅटर सप्टेंबरमध्ये काहीही केले तरी त्यात जवळजवळ शून्यच राहतो. संघाला आधीच एवढे पुढे नेल्याची ती शिक्षाच म्हणायची.

लीग, मुदत आणि मतपत्रिका

पुरस्कार लीगनिहाय असतो. २००८ मध्ये मॅनी रामिरेझ हंगामाच्या मध्यात बॉस्टनहून लॉस एंजेलिसला आला आणि डॉजर्ससाठी ५३ सामन्यांत .३९६ ने खेळला. नॅशनल लीगच्या मतदानात तो चौथा आला. बॉस्टनचे आकडे त्यात जोडू नका, ते अमेरिकन लीगचे. शिवाय ५३ सामने म्हणजे हंगामाचा तिसरा हिस्सा. दर कितीही भारी असला तरी १५० सामने खेळलेल्याशी तुलना एकूण बेरजेवर करा.

मते प्लेऑफपूर्वीच दिली जातात, निकाल नोव्हेंबरात लागतो. त्यामुळे ऑक्टोबरचे होमरन वादात आणून उपयोग नाही.

मतदार ३० असतात, प्रत्येक जण दहा नावे लिहितो, आणि गुण १४-९-८-७ असे उतरत १ पर्यंत जातात. २०२५ मध्ये जजला १७ आणि रॅलीला १३ पहिली मते पडली. ज्यांनी एकाला पहिले ठेवले त्यांनी दुसऱ्याला दुसरे ठेवले, म्हणून निकाल ३५५ विरुद्ध ३३५. पहिल्या-दुसऱ्यात ५ गुणांची दरी आहे, पुढे प्रत्येक पायरी एका गुणाची. मित्रांत मतदान घेणार असाल, तर दहाही नावे लिहून घ्या. दोनच नावांवर वाद घालणाऱ्यांची तिसऱ्या नावाला गाडी अडते, आणि पाचव्या-सहाव्या जागी कोणाला बसवायचे हे ठरवताना आपले माप खरोखर सगळ्यांना सारखे लागते की नाही ते लगेच दिसते.