सार्कोफागोचा 'आय.एन.आर.आय.' पहिल्यांदा ऐकताय? मग ड्रम्स पकडा

थ्रॅश, ब्लॅक आणि डेथ, मेटलचे हे तिन्ही प्रकार एकाच अल्बममध्ये पाहिजेत असं कोणी म्हटलं की माझं उत्तर ठरलेलंय, सार्कोफागोचा 'आय.एन.आर.आय.'. ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंचीचा बँड, साल १९८७, लेबल कोगुमेलो, म्हणजे तिथलंच एक रेकॉर्डचं दुकान ज्यांनी पुढे स्वतःच अल्बम काढायला सुरुवात केली. पण होतं काय, लोक मोठ्या उत्साहाने लावतात आणि दोन मिनिटांत "अरे हा तर नुसता गोंगाट आहे" म्हणून बंद करतात. गोंगाट आहेच, फक्त त्यात शिरायचं कुठून ते माहीत पाहिजे.

आधी बेस बूस्ट बंद करा. इक्वलायझरचे जे काय प्रकार चालू असतील ते सगळे बंद, शफल पण बंद. रेकॉर्डिंग एकदम कच्चंय आणि बेस वाढवला की किक ड्रम (पायाने वाजवतात तो मोठा) आणि बास गिटारचा पार लगदा होतो, मग काहीच कळत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर तर नकोच, साधे वायरवाले हेडफोन चालतील. अख्खा अल्बम साधारण २६ मिनिटांचाच आहे त्यामुळे एका बैठकीत होतो.

आता मेन गोष्ट. पहिल्या वेळी गिटारच्या मागे लागू नका, कारण रिफ्स (गिटारचे परत परत येणारे तुकडे) एकमेकांत इतके मिसळलेत की नवीन कानाला सगळे सारखेच वाटतात. ड्रम्स ऐका. ड्रमर डी. डी. क्रेझी. जिथे किक आणि स्नेअर (काठीने वाजणारा, तडतडणारा ड्रम) आळीपाळीने पडतायत, फास्ट आहे पण मान हलवता येते, तो थ्रॅश. आणि मग एकदम स्नेअर इतका दाट होतो की ठोके सुटे मोजताच येत नाहीत, पथकात ताशाची तर्री सुरू झाली की कसं होतं तसं, तो ब्लास्ट बीट. ८७ साली मेटलमध्ये हे इतक्या प्रमाणात फार कमी लोक करत होते. या दोन बीट्समधली अदलाबदल एकदा कानाला सापडली ना, की गाण्याचे तुकडे आपोआप वेगळे दिसायला लागतात.

सरावासाठी सरळ आठव्या ट्रॅकवर जा, 'डेथ्रॅश', नावातच सगळं आलंय. मग पहिल्यापासून लावा.

दुसऱ्या फेरीत आवाजाकडे लक्ष द्या. गाणारा वॅग्नर अँटिक्राइस्ट, हा सेपुल्टुरा या ब्राझीलच्याच गाजलेल्या मेटल बँडचा सुरुवातीचा गायक बरं का. घोगरं, घशातून खरवडून काढलेलं ते डेथकडे झुकतं आणि त्यावर घुमणाऱ्या किंकाळ्या येतात ते ब्लॅककडे. अर्थात हे खण आपण आत्ता पाडतोय, त्या पोरांना तेव्हा असं काही वेगवेगळं करायचं नव्हतंच, जास्तीत जास्त फास्ट आणि जास्तीत जास्त घाण वाजवायचं एवढंच.

ब्लॅकचा भाग खरा कव्हरवर दिसतो. कबरस्तानात उभे चौघं, तोंडाला रंग, अंगावर गोळ्यांचे पट्टे, हातात खिळेवाले पट्टे. नॉर्वेतली ब्लॅक मेटलवाली मंडळी यावर फिदा होती, त्यांच्यातल्या सॅटिरिकॉन या बँडने तर १९९९ मध्ये याचं टायटल साँग स्वतः वाजवून रेकॉर्ड पण केलं. अल्बमचं नाव म्हणजे क्रॉसवर येशूच्या डोक्यावर जी चार अक्षरं असतात तीच, आणि ब्राझीलसारख्या कट्टर कॅथलिक देशात, लष्करी राजवट जाऊन जेमतेम दोन वर्षं झालेली असताना हे नाव ठेवणं म्हणजे मुद्दाम काडी टाकणंच. शब्द मात्र वाचत बसू नका, काही गाण्यांचे तर निव्वळ किळसवाणे आहेत आणि ते समजले नाहीत म्हणून म्युझिकमध्ये काही कमी पडत नाही. (हाच वॅग्नर पुढे युनिव्हर्सिटीत अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला, खरंच.)

तीन-चारदा ऐकूनही डोकं दुखत असेल तर उलटं या. यांचाच १९९१ चा 'द लॉज ऑफ स्कर्ज' आधी ऐका, त्यात रेकॉर्डिंग बरंच स्वच्छ आहे, डेथ आणि थ्रॅश सुटसुटीत ऐकू येतात, आणि मग परत ८७ ला या.