जात्यावरच्या ओव्यांना सबटायटल्स: तीच ओळ पुन्हा येणं कसं थांबवलं

मामांना कमी ऐकू येतं. आजीच्या ओव्या त्यांना वाचता याव्यात म्हणून व्हिडिओला व्हिस्परने (बोलणं ऐकून मजकूर लिहून देणारा एआय प्रोग्राम) सबटायटल्स करत होते. पण ओवी थांबून नुसती जात्याची घरघर सुरू झाली की आधीचीच ओळ पुन्हा पुन्हा उमटायची. शिवाय मजकूर हिंदी वळणाचा.

भाषा सांगितली नाही तर ती पहिल्या 30 सेकंदांवरून ठरते, आणि इथे तेवढा वेळ घरघरच होती. भाषा मराठी अशी स्वतः दिली, ते सुटलं.

पुनरावृत्तीचं मूळ वेगळं. आवाजाचा प्रत्येक तुकडा लिहिताना आधीच्या तुकड्याचा मजकूर आधाराला घेतला जातो, म्हणून एकदा शिरलेली चूक पुढे वाहत जाते. ‘कंडिशन ऑन प्रीव्हियस टेक्स्ट’ हा पर्याय ‘फॉल्स’ केला. उरलंसुरलं फास्टर-व्हिस्पर या व्हिस्परच्याच वेगवान आवृत्तीतल्या व्हीएडी (बोलणं कुठे आहे ते ओळखणाऱ्या) फिल्टरने गेलं. तो बिनबोलाचे भाग गाळतो. मात्र हलक्या आवाजातली ओवीही त्यात गळू शकते, तेव्हा व्हिडिओशी ताडून पाहाच.

मग सबटायटल एडिट या सबटायटल्स सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने दुरुस्ती. आजीचं ‘पानी’ तिथे ‘पाणी’ झालं होतं. असे सगळे शब्द तिच्या तोंडचे होते तसेच परत घातले. त्याशिवाय ती ओवी तिची राहत नाही. फाइल यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत सेव्ह करा, नाहीतर देवनागरीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात.