विमानतळावर परफ्यूमचे फुकट नमुने कसे पारखावेत

चिकलठाण्याहून मुंबईला पोचायचं आणि पुढचं परदेशी विमान चार-पाच तासांनी, हे आम्हा संभाजीनगरकरांच्या वाट्याला येतंच. तो वेळ मी आता वाया जाऊ देत नाही. ड्युटी फ्री दुकानं इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकल्यावर लागतात, तेव्हा बाहेर रेंगाळू नका. आणि मागायला लाजू नका. मोंढ्यात गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय आपण ढेप घेतो का?

आधी खाण्याचं उरका. हाताला परफ्यूम लागला की चॉकलेटलाही त्याचाच वास येतो. खजूर, चॉकलेट, जे ठेवलं असेल त्याचा विचारून एकेक तुकडा घ्या. लिपस्टिकचा टेस्टर ओठांना अजिबात लावू नका, हाताच्या पालथ्या बाजूला रेघ ओढून रंग बघा.

आता परफ्यूम. पहिल्या खेपांना मी इथेच फसलो. एका परदेशी विमानतळावर विक्रेत्याने सहा-सात पट्ट्या पुढे केल्या, मी एकामागून एक हुंगत गेलो. चौथीनंतर सगळे वास सारखेच वाटू लागले आणि शेवटी हातात होता तोच घेतला. दुकानात संत्र्यासारखा ताजा वाटलेला तो वास घरी मे महिन्यात लावला, तर तासाभराने उरला नुसता गुळमट, डोकं धरायला लावणारा दर्प. बाटली अजून कपाटात भरलेलीच आहे.

चूक घाईची होती. फवारल्याबरोबर येतो तो अल्कोहोलचा भपकारा. मग लिंबू-संत्र्यासारखे हलके वास, ते पंधरा-वीस मिनिटांत उडतात. त्यामागून फुलं, मसाले. चंदन, व्हॅनिला, कस्तुरी असले जड वास तासाभराने खरे कळतात, आणि दिवसभर अंगावर राहायचे असतात ते हेच. पाच मिनिटांत पैसे मोजणारा माणूस उडून जाणाऱ्या वासाला भुलतो. शहागंजात अत्तर घेताना माझे वडील हाताला लावून घ्यायचे, बाजारभर हिंडायचे आणि परतताना काय ते ठरवायचे. विमानतळावर तेवढा वेळ आपल्यापाशी असतोच.

म्हणून कागदी पट्टीवर तीनच परफ्यूम घ्या, चौथा नाही. पट्टीवर लगेच नाव लिहा, नाहीतर कुठला कोणता हे विसरायला होतं. अर्ध्या मिनिटाने हुंगा. त्यातले दोन निवडून एक डाव्या मनगटावर, एक उजव्या, वीतभर अंतरावरून एकेकच फवारा. मनगटं एकमेकांवर घासू नका, वरचे हलके वास लवकर उडतात. कॉफीच्या बिया हुंगल्या की नाक ताजं होतं, हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. साध्या हवेपेक्षा त्याने जास्त काही होत नाही. आपल्याच शर्टाची बाही हुंगा आणि दुकानाबाहेर या.

बाहेर येऊन बसा. पंधरा मिनिटांनी एकदा हुंगा, मग तासाने. तासानंतरचा वास आवडला तरच परत फिरा. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा: विमानतळाच्या एसीत मंद वाटणारा वास आपल्याकडच्या चाळीस-बेचाळीस अंशांत अंगावर येतो. जड, गोड परफ्यूम कितीही आवडला तरी उन्हाळ्यासाठी मी घेत नाही.

तरीही मन ठरत नसेल तर “ताई, याची छोटी नमुन्याची कुपी आहे का?” असं विचारा. असली तर देतात. टेस्टरची बाटली मात्र खिशात घालायची नसते.

बोर्डिंगच्या वेळेआधी वीस मिनिटांचा गजर लावा, गेट कुणासाठी थांबत नाही. विमानात शिरण्याआधी मनगटं साबणाने धुवा, शेजारच्याला तो वास तासन्‌तास सोसावा लागतो. बाटली घेतली आणि पुढे आणखी विमान बदलायचं असेल, तर दुकानाने सील केलेली पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडू नका, बिलही आतच राहू द्या. सील तुटलं आणि बाटली शंभर मिलिलिटरहून मोठी असली, तर पुढच्या तपासणीत ती काढून घेऊ शकतात.