विक्कन पौर्णिमा-विधी एकट्याने कसा करावा

विक्का हा हजारो वर्षे लपवून जपलेला धर्म आहे, असे सांगणारा शिक्षक भेटला तर तिथूनच परत फिरा. मलायात कस्टम खात्यात नोकरी करून निवृत्त झालेले जेराल्ड गार्डनर यांनी हा आधुनिक चेटूक-धर्म इंग्लंडमध्ये लोकांसमोर आणला. तिथला चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये त्यांचे पुस्तक आले. विधींमधली उत्तम भाषा बरीचशी त्यांच्या सहकारी डोरीन व्हॅलिएंटे यांची. धर्म तरुण आहे म्हणून तो उथळ ठरत नाही. त्याला खोट्या प्राचीनतेची गरजच नाही.

देवी आणि शिंगधारी देव, निसर्ग हेच पवित्र स्थान, ऋतुचक्राचे आठ सण आणि पौर्णिमेचे विधी, म्हणजे एस्बॅट, एवढा पाया पुरे. नियम एक: कोणाला इजा होत नसेल, तर मनाला पटेल ते करा. ‘अमुक व्यक्ती माझ्याकडे यावी’ अशा वशीकरणाला इथे जागा नाही, कारण त्यात दुसऱ्याची इच्छा मोडली जाते. गार्डनेरियन, म्हणजे गार्डनर यांच्यापासून आलेल्या परंपरेतली दीक्षा कोव्हनमध्ये, म्हणजे साधकांच्या छोट्या गटात, माणसाकडून माणसालाच मिळते. एकट्याने करायची वाट वेगळी आहे आणि तिला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही. पैसे घेऊन ऑनलाइन दीक्षा देणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका.

तिथी कालनिर्णयात बघा. एक स्टूल, मेणबत्ती, उदबत्ती, वाटीत पाणी, चिमूटभर मीठ, पेला आणि खायला काहीतरी गोड. अथामे, म्हणजे काळ्या मुठीची विधीची सुरी, नसली तरी चालते. उजव्या हाताची तर्जनी पुरते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता वर्तुळ, म्हणजे विधीसाठी आखून घ्यायची पवित्र जागा. बहुतेकांचा विधी इथेच फसतो, आणि दोष त्यांचा नसतो. जिथे तिथे एकच सल्ला: ‘निळा प्रकाश डोळ्यांसमोर आणा.’ मला तो प्रकाश कित्येक महिने दिसला नाही, आणि ज्यांना डोळे मिटून चित्र दिसतच नाही असे लोक भरपूर आहेत. प्रकाश विसरा. वर्तुळ पायांनी आखायचे असते.

पूर्वेला तोंड करून उभे राहा. पायांचे दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. श्वास आपोआप संथ होईपर्यंत हलू नका, मग कितीही वेळ लागो. नंतर हात पुढे करून प्रदक्षिणेच्याच दिशेने, उजवीकडे वळत चाला. एक पाऊल, एक श्वास. परंपरेत वर्तुळ नऊ फूट व्यासाचे असते. फ्लॅटच्या हॉलमध्ये पाच फूटही पुष्कळ. तीन फेऱ्या घ्या: पहिली रिकाम्या हाताने किंवा अथामेने, दुसरी मिठाचे पाणी शिंपडत, तिसरी उदबत्ती घेऊन. प्रत्येक फेरी पूर्वेलाच संपली पाहिजे. मध्येच मन भाजीच्या यादीवर गेले तर ती फेरी पुन्हा पूर्वेपासून सुरू करा. हे कंटाळवाणे वाटेल, पण घाईने मारलेल्या फेरीतून वर्तुळ तयार होत नाही, नुसते चालणे होते.

तिसऱ्या फेरीनंतर मोठ्याने, मराठीत सांगा की वर्तुळ पूर्ण झाले. इंग्रजी यमके पाठ करू नका. ज्या भाषेत तुम्ही आईशी बोलता, त्या भाषेत आवाज खरा निघतो. एकदा वर्तुळ आखले की उगाच आत-बाहेर करायचे नाही. जावेच लागले तर हाताने दार उघडल्याची खूण करून जा आणि परतल्यावर ते बंद करा.

मग चार दिशांना बोलवा: पूर्वेला वायू, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला जल, उत्तरेला पृथ्वी. यात वास्तुशास्त्रातली आग्नेय-ईशान्य मिसळू नका, दोन्ही मांडण्या बिघडतात. ही मांडणी ब्रिटनमध्ये बसली, जिथे दुपारचा सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून अग्नी तिथे. कोकणात राहणाऱ्यांना पश्चिमेचे पाणी समजावून सांगावे लागत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मराठी मंडळींनी मात्र फेरीची दिशा, अग्नी-पृथ्वीच्या जागा आणि सणांच्या तारखा उलट घ्याव्यात. तिथले बरेच विक्कन तसेच करतात.

देवीला आणि देवाला आपल्या शब्दांत बोलवा. चंद्र दिसत असेल तर त्याच्याकडे बघत बसा, एक मागणे मागा, नंतर गोड आणि पेला. थोडा भाग मातीसाठी राखून ठेवा.

समारोप टाळायचा नाही. दमलो म्हणून मेणबत्ती विझवून झोपायला गेलात तर रात्रभर डोके जड राहते आणि झोप तुटते, हा माझा पक्का अनुभव आहे. देव-देवींचे आभार माना, दिशांना उत्तरेपासून उलट क्रमाने निरोप द्या, डावीकडे वळत एक फेरी घेऊन वर्तुळ उघडा आणि दोन्ही तळहात जमिनीवर दाबून बसा. पोटात काहीतरी खारट जाऊ द्या.

झोपण्यापूर्वी वहीत, स्वतःच्या हस्ताक्षरात, तारीख, हवामान, काय मागितले आणि कोणत्या फेरीत मन भरकटले ते लिहा. विक्कन लोक या वहीला ‘बुक ऑफ शॅडोज’ म्हणतात. दुसऱ्यांचे मंत्र उतरवून तिची पाने भरू नका; पुढच्या पौर्णिमेला उपयोगी पडतील त्या तुमच्याच नोंदी.