पॅराबोला आणि रेष एकमेकांना छेदतात का, हे ग्राफ न काढता कसं ओळखायचं

बरीच मुलं असा प्रश्न आला की लगेच ग्राफ पेपर काढतात, आणि रेष पॅराबोलाला अगदी चिकटून जात असेल तर पेन्सिलीच्या जाडीतच उत्तर हरवतं, म्हणून ग्राफवर विसंबू नका, सरळ विवेचक काढा, म्हणजे वर्गसमीकरणाला किती मुळं आहेत ते सांगणारी संख्या.

समजा पॅराबोला आहे वाय = एक्स² − ४एक्स + ७ आणि रेष आहे वाय = २एक्स − ५. छेदतात त्या बिंदूवर दोघांचा वाय सारखाच असणार ना, मग दोन्ही उजव्या बाजू समान ठेवा आणि सगळं एका बाजूला आणा. इथे रेषेची बाजू कंसात लिहूनच वजा करा, कारण −५ चं +५ करायला विसरलात की पुढचं सगळं चुकतं. आलं एक्स² − ६एक्स + १२ = ०.

आता विवेचक, दहावीतलंच, बी² − ४एसी, ए म्हणजे एक्स² चा सहगुणक, बी एक्सचा, सी उरलेली संख्या. ३६ − ४८ = −१२, म्हणजे ऋण, म्हणजे छेदतच नाहीत, विषय संपला, मुळं काढत बसायची गरजच नाही. विवेचक धन आला की दोन बिंदू, शून्य आला की रेष फक्त टेकते म्हणजे ती स्पर्शिका.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग म्हणजे −५ च्या जागी के ठेवून बघणं. समीकरण होतं एक्स² − ६एक्स + (७ − के) = ० आणि विवेचक ८ + ४के. के = −२ ला तो शून्य, तिथे रेष (३, ४) या बिंदूत टेकते, के त्याहून मोठा असेल तर दोन ठिकाणी छेद, लहान असेल तर एकही नाही. म्हणजे त्या चढाच्या सगळ्या रेषांचा निकाल एका ओळीत लागला! परीक्षेत "के ची किंमत काढा" म्हणतात ते हेच.

एक सापळा मात्र आहे, रेष पॅराबोलाच्या अक्षाला समांतर असेल तर, म्हणजे इथे एक्स = ५ सारखी उभी रेष, तेव्हा वर्गसमीकरण बनतच नाही आणि विवेचकाचा प्रश्नच येत नाही. ५ टाकला की वाय = १२, एकच बिंदू, पण ही स्पर्शिका नाही हं, ती आरपार जाते.

अकरावीवाल्यांसाठी, वाय² = ४एएक्स आणि वाय = एमएक्स + सी असेल (इथले ए, सी वरच्या सूत्रातले नव्हेत) तर हीच पद्धत लावून विवेचक १६ए(ए − एमसी) येतो, एम शून्य नसेल तेव्हा, आणि स्पर्शिकेची सी = ए/एम ही अट त्यातूनच निघते, पाठ करायची गरज नाही.