राक्षसी भोपळा की स्क्वॉश? या चुका टाळा

उत्तर अमेरिकेतल्या स्पर्धांत नारिंगी भोपळा आणि हिरवा स्क्वॉश वेगवेगळ्या गटांत तोलतात, म्हणून त्या दोन वेगळ्या प्रजाती आहेत असं पुष्कळजण धरून चालतात. दोन्ही कुकुरबिटा मॅक्झिमाच. साल पिवळट ते नारिंगी असेल तर भोपळा. हिरवी, निळसर, राखाडी असेल तर स्क्वॉश. वजनावरून काही ठरत नाही. 2017 साली ऱ्होड आयलंडच्या जो जुट्रास यांचा हिरवा स्क्वॉश 2,118 पौंड भरला होता.

सगळ्यात चिवट चूक पुढची. "शेजारच्या वेलाचा पराग लागला, म्हणून फळ हिरवं आलं." साफ चूक! साल ही मादी फुलाच्या अंडाशयाची भिंत, म्हणजे पूर्णपणे आईवेलाची. परागाचा वाटा फक्त बीमधल्या गर्भात जातो आणि सालीवर दिसतो तो पुढच्या पिढीत. हे न कळल्याने हिरव्यागार फळाचं, मधमाश्यांनी परागण केलेलं बी हौसेने राखलं जातं. पुढच्या हंगामात सगळ्या वेलांवर नारिंगी फळं लागतात आणि शिव्या बी देणाऱ्याला बसतात. नारिंगी रंग पुष्कळदा हिरव्याला झाकतो. हिरवा हरवलेला नसतो, दबलेला असतो.

तो परत हवा असेल तर त्या नारिंगी वेलाचं स्वपरागण करा. उद्या उमलणाऱ्या कळ्यांची टोकं आदल्या संध्याकाळी पिवळी दिसतात. एक मादी आणि दोन-तीन नर कळ्या, सगळ्या त्याच वेलावरच्या, तेव्हाच दोऱ्याने बांधा. सकाळी ऊन चढायच्या आत नराच्या पाकळ्या काढून पराग मादीच्या कुक्षीवर चोळा, फूल पुन्हा बांधा, देठाला खूण करा.

या बियांचे दोन वेल लावून निकाल काढणारे उतावळे इथेच फसतात. एकाच जनुकाचा साधा हिशोब धरला तरी चारात एक हिरवा. एक तरी दिसेल याची 95 टक्के खात्री हवी असेल तर किमान 11 वेल हवेत. रंगच पाहायचा आहे, तेव्हा प्रत्येकाला 500 चौरस फूट द्यायची गरज नाही.

कोवळ्या फळावरून गट ठरवू नका. काही हिरवी फळं पिकताना नारिंगी डाग धरतात.

आपल्या बाजारातल्या डांगराचं बी या कामाला घेऊ नका. ते बहुतेक कुकुरबिटा मोस्काटा या वेगळ्या प्रजातीचं असतं: देठ कडक, पाच कंगोऱ्यांचा, फळापाशी पसरलेला. मॅक्झिमाचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा मऊ. नख दाबून पाहा.