छोट्या पटाच्या शाळेचं अनुदान वाचनाला कसं लावायचं

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडच्या वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेला समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर मिळतं. पट 30 पर्यंत असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000. म्हणजे तीस-एकतीसच्या उंबरठ्यावर एका मुलाची नोंद राहून गेली, तर 15,000 रुपये जातात. खोटी नावं मुळीच चढवू नका. वर्गात बसणारं प्रत्येक मूल यू-डायसवर, म्हणजे शाळा आणि मुलांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, आहे का, एवढं 30 सप्टेंबरपूर्वी हजेरी समोर ठेवून ताडून पाहा. दुसऱ्या शाळेतून आलेल्या मुलाची नोंद बहुतेक वेळा त्यातल्या ड्रॉपबॉक्समध्येच, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, अडकलेली असते. जुन्या शाळेने ते सोडलं, पण आपण ओढून घेतलं नाही, एवढंच झालेलं असतं.

पैसा येण्याआधी, जुलैतच, वाचन तपासा. निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानाप्रमाणे तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान 60 शब्द समजून वाचता यायला हवेत. न वाचलेला साठ शब्दांचा उतारा द्या, एक मिनिट मोजा, मग दोन प्रश्न विचारा. नुसता वेग पाहिला तर पाठांतरावर वाचणारी मुलं सुटून जातात. अक्षर, शब्द, वाक्य, उतारा असे गट करून प्रत्येकातली मुलं मोजा. घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलणारी मुलं शब्दाच्या गटात अडकली असतील, तर त्यांना आधी चित्रं आणि बोलणं हवं, जाड पुस्तक नको.

या गटांचा तक्ता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडा आणि खरेदीचा ठराव त्यावरून लिहा. 25,000 मधले किमान दहा टक्के, म्हणजे 2,500, स्वच्छतेला लागतातच. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती धरून उरेल त्यातून गोष्टींची छोटी पुस्तकं आणि शब्दपट्ट्या घ्या. पावसाने गळणारं अख्खं छप्पर या रकमेत बसत नाही. त्याचा प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेगळा द्या.

ठरावाची तारीख बिलाच्या आधीची हवी. लेखापरीक्षणात आक्षेप इथेच निघतो. वस्तू साठा नोंदवहीत चढवा. दुकानदाराचं खातं पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे देण्याच्या ऑनलाइन प्रणालीवर, डिसेंबरातच नोंदवून घ्या. मार्चमध्ये घाई केली की व्यवहार अडतो आणि न वापरलेली रक्कम परत जाते.

दिवाळीनंतर द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या घरांतल्या मुलांना निघतानाच शिक्षण हमी कार्ड (जिथे जातील तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून दिलं जाणारं) द्या, त्यावर वाचनाचा गटही लिहा.